मेंदूतलं पाणी, ग्रहण आणि 'परत उगवलेला मेंदू': फिरणाऱ्या मेसेजला मुद्द्यानुसार उत्तर

एक लांबलचक मेसेज परत फिरायला लागलाय. वर हात जोडलेले, "सर्व गरोदर भगिनींनी आवर्जून वाचा", खाली "एका नामांकित डॉक्टरांच्या लेखणीतून", आणि त्या नामांकित डॉक्टरांचं नाव कुठेच नाही. ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते त्यात काय आहे. बाळाच्या मेंदूत जन्मतः दोष येतो तो आईने गरोदरपण नीट न पाळल्यामुळे, म्हणजे ग्रहण, मोबाईल, सातव्या महिन्यातला प्रवास वगैरे. सोनोग्राफीच्या लहरींनी तो दोष वाढतो. फॉलिकची गोळी तिसरा महिना लागल्यावर घेतली तरी पुरते. रिपोर्टमध्ये 'मेंदूत पाणी' किंवा 'मेंदूचा मधला भाग नाही' असं आलं की मूल म्हणजे नुसता मांसाचा गोळा. शंट (डोक्यातलं जादा पाणी काढणारी नळी) बसवला की जन्माचं परावलंबित्व, त्यापेक्षा टाळू तेलाने भरा. मग अचानक सूर बदलून, परदेशात एका मुलाचा मेंदू परत उगवला म्हणून डॉक्टरांचं ऐकू नका. झटक्यांची औषधं मेंदू मंद करतात, स्टेम सेलने सगळं भरून निघतं, आणि शेवटी पाच वर्षांपर्यंत वाट बघा, मुलं आपोआप सुधारतात.

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे, न्यूरोलॉजिस्ट नाही, त्यामुळे औषध आणि डोस माझ्याकडून घेऊ नका. पण अशा मुलांच्या आया रोज समोर बसलेल्या असतात आणि हा मेसेज त्यांना घरातल्याच कोणीतरी पाठवलेला असतो, बऱ्याचदा नणंदेने नाहीतर सासरच्या ग्रुपवर. म्हणून एकेक मुद्दा घेते.

मुद्दा १: "आईच्या चुकीमुळे होतं"

सगळ्यात जास्त राग याचाच येतो म्हणून यावर जास्त लिहिणार आहे. मेंदू कधी बनतो ते नुसतं कॅलेंडरवर मांडलं तरी या मुद्द्यातला बराचसा भाग गळून पडतो. गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत न्यूरल ट्यूब मिटते, म्हणजे जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतो ती नळी बंद होते. ती डोक्याकडच्या टोकाला उघडी राहिली तर अ‍ॅनेन्सेफली, खाली पाठीकडे राहिली तर स्पायना बायफिडा. २८ दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे, कित्येक जणींनी तोवर टेस्टची पट्टीसुद्धा आणलेली नसते. त्याच सुमाराला पुढचा मेंदू दोन अर्ध्यांत विभागायला लागतो, ते नीट झालं नाही तर होलोप्रोसेन्सेफली. तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात आतल्या बाजूला तयार झालेल्या पेशी सरकत सरकत मेंदूच्या बाहेरच्या थरात जाऊन बसतात, त्यात बिघाड झाला तर लिसेन्सेफली, म्हणजे मेंदूवर ज्या वळ्या पडायला हव्यात त्या पडतच नाहीत. आणि दोन्ही अर्ध्यांना जोडणारा जो तंतूंचा जाड पट्टा, कॉर्पस कॅलोसम, तो साधारण बाराव्या ते विसाव्या आठवड्यात आकाराला येतो.

आता मला सांगा, सातव्या महिन्यात ती एसटीने माहेरी गेली म्हणून कॅलोसम कसा काय गायब होईल? तो बनायचा राहिला ती वेळ कधीच होऊन गेलेली होती. पाया जानेवारीत चुकला आणि बोल लावायचा जूनच्या पावसाला, असा हा प्रकार आहे.

ग्रहणाचं तर काय बोलायचं. २२ जुलै २००९ चं खग्रास सूर्यग्रहण सुरत, भोपाळ, वाराणसी, पाटणा अशा भरगच्च वस्तीच्या पट्ट्यावरून गेलं. तिथे त्या दिवशी गरोदर बायका किती असतील याचा विचार करा, आणि सगळ्याजणी काही विळी-सुरी बाजूला ठेवून अंधाऱ्या खोलीत बसलेल्या नव्हत्या, कितीतरी जणी कामावर होत्या. पुढच्या सहा-आठ महिन्यांत त्या शहरांमधून मेंदूत दोष असलेल्या बाळांची लाट आली असं आजवर कोणी दाखवलेलं नाही. ग्रहण पाळायचंय त्यांनी पाळावं, घरातल्या मोठ्यांचं मन राखायला चार तास झोपून काढले तर बिघडत नाही (उपाशीपोटी आणि पाण्याशिवाय मात्र नको). पण नंतर मुलाचा रिपोर्ट हातात आल्यावर "तू तेव्हा भाजी चिरलीस ना" हे ऐकवणं म्हणजे निव्वळ क्रूरपणा आहे.

मग खरी कारणं काय? बऱ्याच केसेसमध्ये जीन्स किंवा क्रोमोसोममधला बदल, जो कधी नव्यानेच घडलेला असतो आणि कधी आईवडील दोघांकडून थोडा थोडा आलेला असतो. आपल्याकडे मामेबहिणीशी लग्न किंवा मामा-भाचीचं लग्न अजूनही होतं, तिथे दोघांकडे एकच लपलेला दोष असण्याची शक्यता वाढते, जन्मतः डोकं लहान असण्याचे काही प्रकार असेच येतात. पण गंमत बघा, अख्ख्या मेसेजमध्ये बाप कुठेच नाही! दुसरं कारण इन्फेक्शन: रुबेला, सायटोमेगॅलो म्हणजे सीएमव्ही, टॉक्सोप्लाझ्मा, आणि झिका. ब्राझीलमध्ये २०१५-१६ ला लहान डोक्याची बाळं जन्मली ती झिकामुळे, आणि तेव्हा तिथेही "लसीमुळे झालं", "पाण्यात टाकलेल्या अळीनाशकामुळे झालं" अशा अफवा अशाच फिरल्या होत्या. झिका आपल्याला लांबचा नाही, महाराष्ट्रातला पहिला पेशंट २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात सापडलेल्या केसेसमध्ये गरोदर बायकाही होत्या. म्हणजे गरोदर बाईला ग्रहणापेक्षा डासापासून वाचवा, मच्छरदाणी लावा, कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी ओता. तिसरं म्हणजे कंट्रोलमध्ये नसलेली शुगर, दारू, आणि काही औषधं, त्यात फिट्सचं व्हॅल्प्रोएट मुख्य. पण व्हॅल्प्रोएट चालू असेल तर हे वाचून गोळी बंद करू नका, गरोदरपणात मोठी फिट येणं आई आणि बाळ दोघांनाही महागात पडतं, प्लॅनिंग करतानाच डॉक्टरांना गाठून औषध बदलायचं असतं.

आणि पुष्कळ वेळा सगळ्या टेस्ट करूनही कारण सापडत नाही. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, त्यामुळे ती रिकामी जागा भरायला आईला उभं केलं जातं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, विसाव्या आठवड्यानंतर मेंदूला काहीच होऊ शकत नाही असं मी म्हणत नाहीये. पोटात असताना मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, रक्तपुरवठा अडू शकतो, उशिरा झालेल्या इन्फेक्शननेही नुकसान होतं. पण त्यातलंही काही मोबाईलने किंवा एसटीच्या धक्क्यांनी होत नाही.

मुद्दा २: "सोनोग्राफीच्या लहरींनी दोष वाढतो"

सोनोग्राफी म्हणजे आवाजाच्या लहरी, एक्स-रेसारखं रेडिएशन त्यात नसतं, आणि ट्रेन्ड डॉक्टरांनी गरजेपुरत्या केलेल्या सोनोग्राफीने मेंदूत दोष येतो असा पुरावा नाही. रेडिएशनने होऊ शकतं का? हो, मोठ्या डोसने होऊ शकतं, ते आपल्याला हिरोशिमा-नागासाकीमुळे कळलं. तिथे गर्भाच्या ८ ते १५ आठवड्यांच्या काळात जी बाळं बॉम्बच्या रेडिएशनखाली आली त्यांच्यात लहान डोकं आणि गंभीर बौद्धिक अपंगत्व जास्त दिसलं, ८ आठवड्यांच्या आतल्यांत ते तसं दिसलं नाही आणि २५ च्या पुढच्यांतही नाही. बघा, अणुबॉम्बसारख्या गोष्टीतसुद्धा वेळ कोणती होती यावरच सगळं ठरलं.

सोनोग्राफी टाळून नुकसानच होतं. १८ ते २० आठवड्यांची अ‍ॅनॉमली स्कॅन ही मेंदूची रचना बघायची सगळ्यात महत्त्वाची वेळ आहे, लिंगनिदानाचा कायदा या स्कॅनला मनाई करत नाही, तो फक्त मुलगा-मुलगी सांगायला मनाई करतो. आणि हो, "वीस आठवड्यांनंतर आता काही करता येत नाही" हे पण लोक छातीठोकपणे सांगतात. कायदा २०२१ मध्ये बदललाय, गर्भात गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्डाच्या मान्यतेने २४ आठवड्यांनंतरही गर्भपात होऊ शकतो, त्याला वरची मर्यादा नाही. मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये ३२ आठवडे उलटलेल्या एका केसमध्ये, जिथे गर्भाचं डोकं लहान होतं आणि लिसेन्सेफली होती, बोर्डाने नकार दिल्यावरही परवानगी दिली आणि निर्णय त्या बाईचा आहे असं म्हटलं. कोणी काय निवडावं ते मी सांगणार नाही, पण निवडायला वेळ मिळावा म्हणून स्कॅन वेळेत व्हायला हवी.

मुद्दा ३: "फॉलिक तिसऱ्या महिन्यापासून"

वरचे २८ दिवस आठवा, उत्तर तिथेच आहे. तिसऱ्या महिन्यात सुरू केलेली फॉलिक रक्तवाढीसाठी उपयोगाची, पण न्यूरल ट्यूब तोवर कधीच मिटलेली असते, किंवा उघडी राहिलेली असते. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलची ट्रायल छापून आली, आधी असं बाळ झालेल्या बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिलं तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं. इतर सगळ्यांसाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम, मूल हवंय असं ठरवलं की लगेच, निदान महिनाभर आधी. लग्न होऊन वर्षभर काही प्लॅनिंग नसलं तरी "होईल तेव्हा होईल" म्हणणाऱ्या जोडप्यांनी तर आधीच सुरू करावी. "गोळीने बाळ काळं होतं, फार मोठं होतं आणि मग सीझर करावं लागतं" हे लोहाच्या गोळ्यांबद्दल फिरणारं जुनंच बाष्कळ आहे, सोडून द्या.

पण याची उलटी बाजू पण लक्षात ठेवा. फॉलिक न्यूरल ट्यूबचे दोष कमी करतं, शून्य करत नाही, आणि कॅलोसम किंवा लिसेन्सेफलीसारख्या दोषांवर ते काही कवच नाही. नियमित गोळी घेतलेल्या बाईलाही असं बाळ होऊ शकतं, तिला "गोळ्या बुडवल्या असशील" म्हणू नका.

मुद्दा ४: "रिपोर्ट खराब म्हणजे मूल गेलं"

इथे मेसेजने सगळ्यात भयंकर गोंधळ घातलाय कारण मेंदूतले दोष म्हणजे एक आजार नाही, त्यात पार हलक्यापासून पार जीवघेण्यापर्यंत सगळं येतं आणि मेसेजवाल्याने सगळ्यांना एकाच माळेत ओवलंय.

जे वाईट आहे ते आधी सांगून टाकते. अ‍ॅनेन्सेफलीचं बाळ जगत नाही. अ‍ॅलोबार होलोप्रोसेन्सेफली, म्हणजे पुढचा मेंदू विभागलाच गेला नाही, त्यातली बहुतेक बाळं फार काळ राहत नाहीत. क्लासिक लिसेन्सेफलीत फिट्स आणि खूप जास्त मागेपण येतं. इथे खोटी आशा दाखवणारा माणूस आईवडिलांचा मित्र नाही.

आता 'मेंदूत पाणी'. मेंदूच्या आत पाण्याचे कप्पे सगळ्यांनाच असतात, व्हेंट्रिकल म्हणतात त्यांना, गर्भात त्यांची ठरावीक ठिकाणी मोजलेली रुंदी १० मिलिमीटरच्या आत असली की नॉर्मल. १० ते १२ असली तर माइल्ड, १३ ते १५ मॉडरेट, १५ च्या वर सिव्हिअर. आणि माइल्ड व्हेंट्रिक्युलोमेगॅली असेल, सोबत दुसरा काही दोष नसेल, क्रोमोसोम ठीक असतील, इन्फेक्शन नसेल, तर ९० टक्क्यांहून जास्त मुलं नॉर्मल वाढतात. रिपोर्टवर १०.४ मिमी लिहिलेलं असतं आणि घरात सुतक असल्यासारखं वातावरण, असं मी बघितलंय. त्या १०.४ वर करायचं एवढंच की काही आठवड्यांनी परत स्कॅन, फीटल मेडिसिनच्या, म्हणजे पोटातल्या बाळाच्या डॉक्टरांचं मत, गरज वाटली तर गर्भाचा एमआरआय आणि गर्भाभोवतालच्या पाण्याची तपासणी. 'कोरॉइड प्लेक्सस सिस्ट' (मेंदूतल्या त्या कप्प्यांमधला पाण्याचा बारीक फुगा) हा शब्द बघूनही लोक रडतात, तो एकटाच दिसला आणि बाकी सगळं ठीक असेल तर तो बहुतेक वेळा आपोआप जातो आणि बाळाच्या बुद्धीशी त्याचा संबंध नसतो. एकट्या मेगा सिस्टर्ना मॅग्नाचंही (मेंदूच्या मागच्या बाजूची पाण्याची जागा जरा मोठी असणं) साधारण तसंच, नाव भारदस्त आणि प्रकरण बहुधा साधं.

आणि 'मधला भाग नाही', म्हणजे कॉर्पस कॅलोसम अजेनेसिस. यात सगळा खेळ 'एकटाच आहे की सोबत काही आहे' यावर आहे. सोबत दुसरे दोष किंवा एखादा सिंड्रोम असेल तर चित्र बिघडतं. पण खरंच एकटाच असेल तर वेगवेगळे अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा साधारण ७० ते ७५ टक्के मुलांचा विकास नॉर्मल रेंजमध्ये आढळला. अमेरिकेतले किम पीक, ज्यांना हजारो पुस्तकं पाठ होती, त्यांना कॅलोसम नव्हता. पण त्यांचं उदाहरण मी आईवडिलांना सहसा देत नाही, कारण ते शर्टाची बटणं लावायलाही अडायचे आणि वडिलांनी त्यांना आयुष्यभर सांभाळलं, म्हणजे ते उदाहरण दोन्ही बाजूंनी दिशाभूल करतं. कॅलोसम नसलेल्या पण शाळेत नॉर्मल चाललेल्या मुलांतही पुढे काही बारीक गोष्टी दिसतात: विनोद उशिरा कळणं, समोरच्याच्या चेहऱ्यावरचं न वाचता येणं, दोन कामं एकदम आली की गोंधळ. हे तिसरी-चौथीत लक्षात येतं आणि तोवर शाळेने पोराला 'आगाऊ' ठरवलेलं असतं. दुसरं म्हणजे पोटात 'एकटाच' वाटलेला दोष जन्मानंतरच्या एमआरआयमध्ये एकटा नसल्याचं कळतं असंही होतं, त्यामुळे सोनोलॉजिस्टने "बघू, जन्मल्यावर परत करू" म्हटलं तर तो टाळाटाळ करत नाहीये.

तर रिपोर्ट हातात आल्यावर विचारायचे प्रश्न असे असतात: हे एकटंच आहे का, किती मोठं आहे, वाढतंय का, जीन्सची टेस्ट काय म्हणते. "मूल हुशार होईल का" याचं उत्तर त्या दिवशी कोणीच देऊ शकत नाही.

मुद्दा ५: "शंट नको, टाळू भरा"

हे वाचून मला खरंच घाम फुटला. टाळू भरणं ही आपली जुनी पद्धत, हलक्या हाताने तेल लावा, काही हरकत नाही. पण डोक्यात पाणी साठून दाब वाढत असेल तर तेलाने ते जिरत नाही, आणि तोवर गेलेले आठवडे मेंदूला महागात पडतात.

घरी काय बघायचं ते लिहिते. न ताणणारी टेप घ्या, शिंप्याची जुनी सैल झालेली नको. पुढून भुवयांच्या जरा वर, बाजूने कानांच्या वर, मागे जिथे डोकं सगळ्यात जास्त बाहेर आलंय तिथून, आणि दोनदा मोजा. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं जन्मतः ३४-३५ सेंटिमीटरच्या आसपास असतं, पहिले तीन महिने दर महिन्याला साधारण २ सेंमी, पुढचे तीन महिने १ सेंमी, नंतर वर्षाचं होईपर्यंत अर्धा-अर्धा सेंमी वाढतं, म्हणजे वर्षाला ४६ च्या जवळ. एका आकड्यावर घाबरू नका, बापाचं डोकं मोठं असेल तर पोराचं पण असतं! पण तारखा घालून लिहिलेले आकडे चार्टवरच्या रेघा ओलांडत वर चाललेत, बाळ शांत असताना, बसवून बघितलं तरी टाळू फुगलेली आणि ताठ लागतेय, बुबुळं खाली उतरून वरचं पांढरं दिसतंय, उलट्या, सतत किरकिर किंवा उलट फार झोप, यातलं काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. "डोकं मोठं म्हणजे हुशार निघणार" हे बारशाला बोलायला ठीक आहे.

शंट म्हणजे एक बारीक नळी, मेंदूतलं जादा पाणी पोटात सोडते, मध्ये एक झडप असते. शंट बसवलेली मुलं शाळेत जातात, सायकल चालवतात, पुढे नोकऱ्या करतात. ज्यांचं होत नाही त्यांचं बहुतेक वेळा शंटमुळे नाही, तर मुळात मेंदूत आणखी काय होतं किंवा दाब किती दिवस राहिला यामुळे. तोटे नाहीत का? आहेत की. पहिल्या वर्षातच साधारण एक तृतीयांश मुलांचा शंट बंद पडतो किंवा त्यात इन्फेक्शन होतं आणि परत ऑपरेशन लागतं, म्हणून शंट असलेल्या मुलाला ताप-उलट्या-डोकेदुखी-सुस्ती आली की "पोट बिघडलं असेल" म्हणून दोन दिवस काढायचे नाहीत. काही मुलांना नळीशिवायचा पर्यायही असतो, दुर्बिणीने आतल्या आत वाट करून देतात, तो कोणाला चालतो ते न्यूरोसर्जन ठरवतात.

खर्चाच्या भीतीने लोक मागे हटतात म्हणून सांगते, आपल्या देशात, उत्तर प्रदेशात शाहजहाँपूरला बनणारा छाब्रा शंट परदेशी शंटच्या मानाने अगदीच स्वस्त आहे आणि युगांडात महागड्या अमेरिकन शंटशी त्याची तुलना झाली तेव्हा निकालात फरक दिसला नव्हता. हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो, महात्मा फुले योजनेत काय बसतं ते त्याला विचारा.

मुद्दा ६: "मेंदू परत उगवला"

ब्रिटनमधल्या एका मुलाची गोष्ट आहे ही, "दोन टक्के मेंदू घेऊन जन्मला आणि पुढे ऐंशी टक्के झाला". मूल खरं आहे, त्याची प्रगतीही खरी आहे आणि त्याच्या आईवडिलांचे कष्ट मानायलाच हवेत. पण त्याला स्पायना बायफिडासोबत मोठा हायड्रोसेफलस होता, म्हणजे पाण्याच्या दाबाने मेंदू कवटीला चिकटून पातळ थरासारखा झाला होता, स्कॅनवर तो जेमतेम दिसत होता. शंटने दाब उतरला, चेपलेला मेंदू पसरला, शिवाय लहान बाळाचा मेंदू वाढतोच. 'नव्हता आणि उगवला' असं ते नाही. आणि ज्या शंटमुळे हे झालं तोच शंट बसवू नका असं हाच मेसेज वरच्या मुद्द्यात सांगतोय, काय बोलायचं!

याच जातीची जुनी गोष्ट म्हणजे शेफिल्डच्या डॉ. जॉन लॉर्बर यांनी सांगितलेला गणिताचा विद्यार्थी, आयक्यू १२६ आणि स्कॅनमध्ये मेंदू जवळपास नाहीच, १९८० मध्ये यावर खूप गाजावाजा झाला. तिथेही मेंदू चेपलेला होता आणि त्या काळच्या स्कॅनवरून मेंदू नक्की किती आहे ते मोजणं अवघड होतं. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त लक्षात राहते. याच लॉर्बर यांनी १९७१ मध्ये, कोणत्या स्पायना बायफिडाच्या बाळांवर ऑपरेशन करूच नये याचे निकष मांडले होते. म्हणजे "यांचं काही होणार नाही" आणि "मेंदूशिवायही सगळं होतं", दोन्ही टोकं एकाच माणसाच्या नावावर आहेत. मेसेजवाल्याने नकळत तीच दोन टोकं एका पानावर आणलीत.

मुद्दा ७: "झटक्यांची औषधं मेंदू मंद करतात"

मेंदूच्या रचनेत दोष असलेल्या मुलांना फिट्सचा धोका जास्त असतो आणि त्यातला एक प्रकार घरच्यांना फिट वाटतच नाही. बाळ तीन ते बारा महिन्यांचं, बहुधा झोपेतून उठल्या उठल्या, मान पुढे झुकते, दोन्ही हात एकदम वर किंवा बाजूला जातात, एक-दोन सेकंद, मग परत, मग परत, अशी माळच लागते आणि मधेमधे रडतं. घरात म्हणतात दचकतंय, पोटात मुरडा आहे, दात येतायत, दृष्ट लागली असेल. याला इन्फन्टाइल स्पाझम म्हणतात. १८४१ मध्ये इंग्लंडमधले डॉक्टर विल्यम वेस्ट यांनी स्वतःच्या मुलाला होणाऱ्या या झटक्यांबद्दल 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकाला पत्र लिहिलं होतं, काही उपाय असेल तर सुचवा म्हणून. तेव्हा उपाय नव्हता. आज आहे, आणि उशीर झाला तर बाळ शिकलेलं विसरत जातं, हसणं कमी होतं, नजर देईनासं होतं. तर असं काही दिसलं की मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा, ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी होईल. औषधांना साइड इफेक्ट असतात, काहींनी सुस्ती येते, ते डॉक्टरांशी बोलून बदलता येतं. पण मेंदू मंद करण्यात औषधापेक्षा चालू राहिलेल्या फिट्सच पुढे आहेत.

मुद्दा ८: "स्टेम सेल"

जन्मतः न बनलेला कॅलोसम किंवा न पडलेल्या वळ्या इंजेक्शनने बनत नाहीत. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या गाइडलाइन्स सांगतात की स्टेम सेलचा मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या वगैरे ठरावीक आजारांतलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट, बाकी सगळं फक्त मंजूर ट्रायलमध्ये, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. कोणी लाखांचं पॅकेज सांगितलं तर तिथून उठा. लोकांनी दागिने मोडलेत यासाठी.

मुद्दा ९: "पाच वर्षं वाट बघा"

"आमचा बाबू पण चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आता बघा इंजिनिअर आहे." प्रत्येक घरात एक बाबू असतो. जे बाबू बोललेच नाहीत त्यांच्याबद्दल लग्नकार्यात कोणी सांगत बसत नाही, एवढाच फरक.

ज्या मुलाच्या मेंदूत दोष माहीत आहे त्याच्यासाठी तर वाट बघणं अजिबात नाही, थेरपी पहिल्या महिन्यांपासून सुरू होऊ शकते. आणि ज्यांच्या रिपोर्टमध्ये काही नाही त्यांच्यातही काही खुणा असतात: दोन-अडीच महिने झाले तरी तोंडाकडे बघून हसत नाही, चार महिने पूर्ण होऊनही मान धरत नाही, नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसत नाही, अंग सतत ताठ किंवा चिंधीसारखं सैल. एक खूण हमखास सुटते म्हणून वेगळी सांगते. सात-आठ महिन्यांचं बाळ प्रत्येक वस्तू डाव्याच हाताने घेतं, उजवा हात मूठ आवळून बाजूला, आणि घरचे कौतुकाने सांगतात "आजोबांवर गेलाय, डावखुरा आहे". एवढ्या लवकर कोणी डावखुरं-उजवं ठरत नसतं, वर्षाच्या आत एकच हात वापरणं म्हणजे दुसऱ्या बाजूला अडचण आहे का ते बघायला हवं. खुळखुळा मुद्दाम उजव्या बाजूला धरा, डावा हात हलकेच धरून ठेवा आणि बघा उजवा पुढे येतो का, आला तर मूठ उघडते का.

थेरपीने दोष जात नाही, स्कॅन तशीच राहते. पण मान धरणं, बसणं, घास गिळणं, हात वापरणं, डोळे-कान वापरून शिकणं, आखडलेले सांधे टाळणं यात पहिल्या दोन-तीन वर्षांत जे मिळतं ते सहाव्या वर्षी सुरू करून तेवढं मिळत नाही. आणि बोलत नसेल तर स्पीच थेरपीच्याही आधी कानाची तपासणी, बेरा टेस्ट, विशेषतः सीएमव्ही झालेल्या बाळांची, कारण त्यांचं ऐकणं नंतरही कमी होत जाऊ शकतं.

पैशांचा प्रश्न असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, २०१३ मध्ये त्याची सुरुवातच आपल्या पालघरमधून झाली. त्याची टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा सरकारी शाळेत येते, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासते आणि पुढे जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीला, म्हणजे अशा मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्राला पाठवते. टीमची वाट बघत बसायची गरज नाही, अंगणवाडी ताई किंवा आशाताईंना सांगा किंवा थेट जिल्हा रुग्णालयात जाऊन डीईआयसी कुठे आहे ते विचारा, काही ठिकाणी गर्दी असते, एखादं पद रिकामं असतं, तरी नाव नोंदवून ठेवा. जाताना गरोदरपणातल्या सोनोग्राफीच्या सगळ्या फाइली, बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड, डोक्याच्या मापाचे तारखांसकट लिहिलेले आकडे आणि मोबाईलमधले व्हिडिओ घेऊन जा, आणि शक्य असेल तर बाळाच्या बापालाही, कारण घरी करायचे व्यायाम त्यालाही शिकवायचे असतात.